चेलोताई आणि लिफ्टवाले

चष्म्याच्या दुकानात पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मागे पडद्याआड एक बाई दिवसभर भिंगं घासायची. उंच, हाडापेराने मजबूत, पन्नाशीच्या जरा अलीकडे. भिंग फ्रेममध्ये टचकन बसलं की स्वतःशीच मान डोलवायची. गल्लीत तिला भिंगांसाठी कोणी ओळखत नसे. सगळे तिला चेलोताई म्हणत, कारण सुट्टीच्या दिवशी ती चेलो नावाचं, थोरल्या व्हायोलिनसारखं, स्वतःच्या खांद्याएवढं वाद्य पाठीवर घेऊन लग्नात वाजवायला निघायची. ओझं असं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई कोणाला तरी पाठुंगळी घेऊन चालली आहे.

चेलो मामाचा. मामाला मूलबाळ नव्हतं, आणि त्याच्या मागे ते धूड पेलेल एवढी उंची घरात हिचीच. "लोकांच्या मुलींना उंची बघून स्थळं येतात, आमच्या मुलीला वाद्य आलं," असं आई हसत हसत सांगायची. ताईचं लग्न राहून गेलं ते गेलंच. त्यामागे फसवणूक, ताटातूट असलं काही नव्हतं. आधी भावाचं शिक्षण, मग आईचं आजारपण, आणि मग एकटीने राहायची इतकी छान सवय लागली की ती मोडायला कोणी आलं नाही आणि ताईने बोलावलंही नाही.

वाजवणारे तिघं. व्हायोलिनवर काका, पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू पण हाताने पक्के. बासरीवर बालवाडीत शिकवणारी एक मुलगी, जिला काका आणि ताई दोघंही 'धाकटे' म्हणून हाक मारत. लग्न पहावं करून म्हणतात. या तिघांनी लग्नं पाहिली ती कोपऱ्यातून, फुलांच्या कुंड्यांच्या आडून. शास्त्रीय वाजवणारे हवेत असा घरच्यांचा हट्ट असायचा आणि वाजवायला लागलं की कोणीतरी येऊन म्हणायचं, "जरा हळू वाजवता का? बोललेलं ऐकू येत नाही." एकदा एका पाहुण्याने चेलोला कोट अडकवला होता. ताईने वाजवता वाजवता तो पायाने खाली ओढला आणि सूर चुकू दिला नाही.

एका संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी एक गृहस्थ आत आले. बुटका बांधा, केस पांढरे, नखांच्या कडेला न धुतलं जाणारं काळं ग्रीस.

"लग्नात वाजवणारे इथे मिळतात ना?" त्यांनी मालकांना विचारलं.

"इथे चष्मे मिळतात," मालक म्हणाले आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "वाजवणारे मागे."

गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि लेकीने बजावलं होतं की बाबा, स्पीकर लावलात तर मी पळून जाऊन लग्न करीन. समोर माणसं बसून वाजवतील तरच.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये जे वाजतं ना, टिंग टिंग, तेवढंच माझं संगीत. तुमच्या त्या मोठ्या व्हायोलिनला प्लग लागतो का?"

"चेलो म्हणतात त्याला. आणि त्याला फक्त खुर्ची लागते."

"मग बरं. वायरिंगचं एक काम वाचलं."

ताईला हसू आलं. कळत नाही ते कळत नाही म्हणणारं गिऱ्हाईक दुर्मीळच. एरवी नवरदेवाचे आतेभाऊसुद्धा तज्ज्ञ असायचे. तिने त्यांना तालमीला बोलावलं. तिघांची तालीम दुकानातच चालायची, शटर अर्धं ओढून. लिफ्टवाले डोळे तपासायच्या खुर्चीत बसले. काकांनी पट्टी जुळवली, धाकटीने फुंकर घातली, चेलोचा खालचा सूर जमिनीतून वर आला आणि लिफ्टवाले झोपले. साधंसुधं नाही, चक्क घोरले. धाकटीचं हसणं बासरीत गेलं आणि बासरी भलतीकडे गेली.

जागे झाल्यावर ते भयंकर ओशाळले. "माफ करा हं. दिवसभर लिफ्टच्या मोटारी ऐकून कानात घरघर असते, घरी गेलो तरी थांबत नाही. इथे थांबली."

काका नंतर कुरकुरले, "हे काय गिऱ्हाईक! आपण वाजवायचं आणि यांनी डुलक्या काढायच्या." पण ताई दुसऱ्या दिवशी भिंग घासताना मधेच थांबली. आपलं वाजवणं ऐकून कोणाच्या कानातली घरघर थांबावी, ही काही वाईट पावती नव्हती.

आणि धाकटीने एक गोष्ट बरोबर टिपली. "ताई, लहान पोरांपासून म्हाताऱ्या आजोबांपर्यंत सगळे तुम्हाला ताई म्हणतात. हे एवढा वेळ बोलले, पण एकदाही ताई म्हणाले नाहीत. बघितलंत का?"

"गप बस. वाजव."

लग्नाचा हॉल जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. मधोमध लिफ्ट, जाळीच्या दरवाजाची, आणि तिच्याभोवती वळसे घेत गेलेला रुंद जिना. काकांच्या गुडघ्यांना जिना झेपणारा नव्हता, चेलोही वर न्यायचा होता, म्हणून तिघंही वाद्यांसकट लिफ्टमध्ये कोंबून बसले. लिफ्ट कण्हत कण्हत निघाली, शेवटच्या दोन मजल्यांच्या मधे पोचली, एक हिसका दिला आणि थांबली.

काकांनी सगळी बटणं दाबून पाहिली. मग सगळी एकदम दाबली. मग देवाचं नाव घेतलं.

"वरातीमागून घोडं ऐकलं होतं," धाकटी म्हणाली, "हे घोडं तर मधेच लटकलंय."

काकांना बंद जागेचं भय. कपाळावर घाम, ओठ कोरडे, हात थरथरायला लागलेले. वरून धावपळीचे आवाज येत होते. लिफ्टच्या कंपनीचा माणूस फोनवर 'निघालोच' म्हणत होता, म्हणजे अजून घरी होता. तेवढ्यात गच्चीवरच्या, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीतून ओळखीचा आवाज खाली आला. नवरीचे वडील नवा कोट घालून तिथे जाऊन पोचले होते.

"घाबरू नका! दोर भक्कम आहे, नुसता ब्रेक धरून बसलाय! सोडवतो!"

"किती वेळ?" ताईने ओरडून विचारलं.

"ते ब्रेकला विचारा!"

ताईने काकांकडे पाहिलं. त्यांना आत्ता धीर देण्यात अर्थ नव्हता, हाताला काम दिलं तरच ते तगणार होते. तिने नेहमीचं घडीचं स्टूल उघडलं, भिंतीला पाठ लावली आणि चेलो गुडघ्यांत घेतला. "काका, काढा व्हायोलिन."

"इथे?"

"मग कुठे? धाकटे, तू कोपऱ्यात हो. बासरीचं टोक जाळीतून बाहेर राहू दे."

जागा एवढीशी, की ताईचा वाजवायचा गज मागे गेला की कोपर भिंतीवर आपटायचं, आणि काकांचा गज जाळीतून बाहेर जाऊन परत यायचा. पहिले काही सूर अडखळले. मग काकांचे डोळे मिटले आणि हात स्थिर झाला. लिफ्टची ती उभी पोकळी वर-खाली सगळी मोकळी होती. सूर तिच्यात शिरला आणि असा घुमला, की तिघंही क्षणभर दचकले. गालिचे आणि पडदे लावलेल्या हॉलांत त्यांचं वाजवणं आजवर कधी एवढं मोठं झालंच नव्हतं.

जिन्यावरची बडबड हळूहळू थांबली. माणसं कठड्याशी आली, जाळीला कान लावून उभी राहिली. कोणी हळू वाजवा म्हणालं नाही.

नवरी खाली मोटारीतून नुकतीच उतरली होती. तिला कोणी सांगितलं, थोडं थांब, लिफ्ट अडकली आहे, बाबा वर आहेत, वाजवणारे मधे आहेत. तिने वर पाहिलं, ऐकलं आणि म्हणाली, "संगीत सुरू झालंय ना? मग मी निघाले."

ती जिना चढायला लागली. ते ऐकून लिफ्टवाले ब्रेकचं काम अर्धवट टाकून धडाधडा खाली धावले, आणि अर्ध्या जिन्यात बापलेकींची गाठ पडली. हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी ते मागे लपवले. तिने ते पुढे ओढून घेतले आणि तिच्या फिकट बाहीवर पाच बोटांचा ठसा उमटला. दोघं लिफ्टभोवती वळसे घेत वर चढू लागले. अडकलेल्या लिफ्टपाशी आल्यावर लिफ्टवाले जाळीतून वाकून म्हणाले, "जरा थांबा हं. एवढं लेकीला पोचवतो आणि आलोच."

"आम्ही कुठे जाणार आहोत?" ताई म्हणाली, पण गज थांबवला नाही.

ते लग्न तिघांनी पायांकडून पाहिलं. वरच्या मजल्याची फरशी त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला होती. दरवाजातून दिसत होते ते नुसते बूट, चपला, साड्यांचे काठ, एका लहान मुलीचा सुटलेला सँडल. नवरदेवाचा एक पाय एकसारखा हलत होता. मग लग्नाच्या नोंदणीच्या सह्या झाल्या असाव्यात, कारण सगळे पाय एकदम एका दिशेला वळले आणि टाळ्या झाल्या. धाकटीला रडू आलं, आणि रडू आलं की बासरी वाजत नाही, म्हणून शेवटचं सगळं दोघांनीच निभावून नेलं.

पुढे लिफ्टवाल्यांनी मोटारीचं चाक हाताने फिरवून लिफ्ट वर आणली. दरवाजा उघडला तेव्हा समोर सगळं वऱ्हाड उभं होतं. काका बाहेर आले आणि लग्नाचं भाषण करावं तसे बोलू लागले. त्यांना आवरता आवरता नाकी नऊ आले.

पंधरवडाभराने लिफ्टवाले डोळे तपासायला आले. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," ताई म्हणाली. "चष्मा कशाला हवा?"

"चष्मा नसला तर परत यायला निमित्त काय सांगू?"

ताईने भिंग पुसायचं फडकं उचललं, ठेवलं, परत उचललं. "सरळ येत चला," ती शेवटी म्हणाली. "तालमीला. पण घोरायचं नाही."

ते येत राहिले. कधी जागे राहिले, कधी नाही. वर्ष सरता सरता त्यांच्या लेकीनेच विषय काढला. "बाबांना एकट्याला जेवायचा कंटाळा येतो. तुम्ही हो म्हणालात तर माझाही एक घोर मिटेल." ताईने एक आठवडा मागून घेतला आणि तिसऱ्याच दिवशी हो म्हणाली.

आता प्रश्न आला तो वाजवणाऱ्यांचा. काका आणि धाकटी होतेच, पण चेलोच्या जागी कोण? नवरीनेच चेलो वाजवायचा तर सह्या कोण करणार? ताई आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या या बाजूला बसली आणि अशी बसली की बघणाऱ्याने हात जोडावे. एक जण आला, तो म्हणे सूर ओढतो. दुसरी आली, ती म्हणे नुसता दिखावा करते. तिसऱ्याचं सगळं छान होतं, पण तो वाजवताना तोंड वाकडं करतो, आणि फोटोत ते येईल.

"ताई," काका वैतागून म्हणाले, "तुम्हाला लग्न करायचंय की परीक्षा घ्यायची आहे?"

शेवटी धाकटीने तिच्या ओळखीची एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणली. ताईने डोळे मिटून तिचं ऐकलं. चुका होत्या. पण खालच्या तारेवर आली की ती मुलगी श्वास रोखून धरायची, जणू सूर सांडेल. ताई म्हणाली, "हिलाच सांगा." आणि मग न राहवून, "फक्त जरा हळू वाजव हं, बोललेलं ऐकू यायला हवं." बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. काका तर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

लग्न छोटंसं झालं, तळमजल्यावर, भर दुपारी. त्या मुलीने छान वाजवलं असं सगळे म्हणाले. ताईला काही आठवत नव्हतं. तिच्या हाताला सुटलेला घाम आणि नवऱ्याने सही करताना दोनदा उलटं धरलेलं पेन एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

पहिलं भांडण झालं ते चेलो कुठे ठेवायचा यावरून. शयनघरात एक तर कपाट मावत होतं, नाही तर चेलो. कपाट बाहेर गेलं. लिफ्टवाल्यांचे शर्ट आता स्वयंपाकघराच्या दाराला लटकतात आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

ताई अजून भिंगं घासते, अजून लग्नांत वाजवते. चेलो आता तिला वाहावा लागत नाही. तो लिफ्टवाल्यांच्या पाठीवर असतो आणि त्यांच्या बुटक्या अंगामुळे मागून नुसता चेलोच चालत चाललेला दिसतो. वाद्य जागेवर पोचवलं की ते मागच्या रांगेत एक खुर्ची धरतात. परवा एका लग्नात शेजारच्या आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हाला ओळखलं नाही. मुलीकडचे की मुलाकडचे?"

लिफ्टवाले कोट नीट करत म्हणाले, "मी चेलोकडचा."