एकोणीसचा पाढा

परीक्षेच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी, मोहगावहून सौंसरला निघालेली शाळेची जीप रस्ता सोडून संत्र्याच्या बागेच्या तारेत घुसली. आत अकरा मुले होती. एकही दगावले नाही. चालकाशेजारी मेंदूशास्त्रज्ञ बाई बसल्या होत्या.

आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पांढुर्ण्यात पाहिले असेल. नमस्काराऐवजी त्या विचारत, “डोया लागला का?” ‘डोळा’ला आपला उच्चार करायला जात आणि दरवेळी थोडा चुकत. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणे, “लागला न म्याडम, दुकान उघडल्यावर लागला.”

ताणाने झोप उडते तेव्हा मेंदूतली रसायने कशी बदलतात, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्यांनी लोकांच्या मनगटाला काळी घड्याळे बांधली होती. ती झोप मोजत, वेळ दाखवत नसत. मी बातमी करायला गेलो तेव्हा एक म्हातारा त्यांना म्हणाला, “वेळ नाई सांगत त घड्याळ कायले म्हनता? कडं म्हना.” बाईंनी वहीत ‘कडं’ लिहिले. पुढे त्याही कडंच म्हणत.

पुण्याहून आलेल्या मदतनिसांनी भरलेल्या अर्जांवर लोक आठ-आठ तास झोपत होते. कडी दोन-तीन तास सांगत. बाईंनी कडी बिघडली समजून परत पाठवली. नवी येईपर्यंत दोन आठवडे गेले. नवीही तेच सांगू लागली.

उलगडा मोहगावच्या जीपचालकाच्या आईने केला. हे तिनेच मला नंतर सांगितले. “म्या म्हनलं, बाई, पोरगा नवापासून झोपूनच असते. पन डोया कुठी लागते त्याचा?”

आपल्या बोलीत झोपणे म्हणजे नुसते खाटेवर आडवे होणे, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. बाईंना ते त्या दिवशी कळले.

त्याच संध्याकाळी त्या मला भेटल्या. कोणाचे नाव घेतले नाही. म्हणाल्या, “जागेपणी मेंदूत झोपेची गरज साठत जाते. ताण तिला दाबून धरतो, संपवत नाही. मग मेंदू न विचारता बंद पडतो. दोन-तीन सेकंद. डोळे उघडे असतात.”

“मग?”

“माणूस खाटेवर असेल तर काही नाही.”

चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

कोणाचीही माहिती बाहेर जाणार नाही, असे त्यांनी प्रत्येकाला लिहून दिले होते. म्हणून त्या चालकाकडेच गेल्या. तो सांगतो, “म्याडम म्हने, गाडी बंद ठेव. म्या म्हनलं, पोराइचे पेपर चालू हायेत, कोन नेईन? अन् मायबापाले सांगान, त मले उद्या पोरं कोन देईन?”

नागपूरच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली. तोवर बाई चालकाच्या आईकडे मुक्कामाला आल्या आणि रोज सकाळी जीपमध्ये पुढे बसू लागल्या. वाटभर त्या चालकाला पाढे म्हणायला लावत. एकोणीसचा सर्वांत जास्त वेळा. त्याला आठवावे लागे, म्हणून. मुलांना गंमत वाटे. “काका नापास! एकोनीस साते?” मुले ओरडत. बाई हसत नसत. त्यांची नजर चालकाच्या पापण्यांवर आणि उजवा हात स्टेअरिंगजवळ असे.

मंगळवारी मागे एका मुलीला उलटी झाली. बाई मागे वळल्या. पाढा थांबला. चालकाच्या मागे बसलेल्या मुलीने सांगितले, “काका त समोरच पाहून राहिले होते.” हिसका बसताच बाईंनी स्टेअरिंग ओढले. विजेचा खांब हातभर अंतराने चुकला. बाईंचे उजवे मनगट मोडले.

दवाखान्यात चालकाच्या मागे बसलेल्या त्या मुलीच्या आईने बाईंना गाठले. “तुमाले मालूम होतं न? मंग सांगतलं काहून नाई?”

चालक बाकावरून उठला. “ताई, म्याडमची गलती नाई, मीच...”

“तू चूप बस. मी यायले विचारून राहिली.”



बुधवारी पोलिसांपुढे त्यांनी जबाब दिला. त्यात दोनच वाक्ये आहेत: मला माहीत होते. मी सांगितले नाही. खाली डाव्या हाताची सही आहे.

गुरुवारी त्या चालकाला घेऊन पांढुर्ण्याहून नागपूरच्या गाडीत बसल्या. डॉक्टरांनी त्याला तपासले आणि दोन दिवस ठेवून घेतले.

शनिवारी तो एकटा परतला. बाई त्यानंतर पांढुर्ण्यात दिसल्या नाहीत.