वेल्टनची काठी आणि माझं चौकोनी नाणं

वेल्टनला मी बावीस वर्षं ओळखतो, आणि बावीस वर्षं माझा त्याच्यावर संशय. आमच्या नेमबाजीच्या जत्रेत तो निशाणाच्या फळ्याशेजारच्या मातीच्या बांधाआड बसायचा. बार झाला की लांब काठी घेऊन बाहेर यायचा आणि गोळी कुठं लागली ते दाखवायचा. तो दाखवेल ते खरं, बाकी सगळे मूर्ख! आधी खाणीत होता. धुळीनं छाती गेली तेव्हा हे काम मिळालं. एका कानानं ठार बहिरा. तेही सोंग असेल, कुणी सांगावं?

बक्षीस म्हणजे ड्यूकसाहेबांचं चौकोनी चांदीचं नाणं. ते बाजारात कुणी मोडत नाही, छातीवर मिरवतात. माझंही आहे, नऊ वर्षांपूर्वीचं. माझी बायको सिबिले तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. "जिंकून आणतो बघ," म्हणालो, आणि आणलंच. गेली तेव्हा ते तिच्या मुठीत होतं. चारही कोपरे तळव्यात रुतले होते.

यंदा योब्स्ट चांभार जिंकला, आणि आठवड्यात वेल्टनच्या पायात नवे बूट! पाणी कुठं मुरतंय ते काय मला कळत नाही? तडक पंचांकडे गेलो.

"त्याला बायबलवर हात ठेवायला लावा," म्हटलं. "काठी कधी खोटी चालवली नाही, असं म्हणू दे. नाहीतर काढा त्याला!"

वेल्टन खोकत आला.

"बूट भावाचे आहेत. तो वारला परवा."

"बरं, बरं. शपथ घे आधी."

त्यानं हात उचलला आणि परत खाली घेतला.

"एकदा चालवली."

"बघा! मी म्हणत नव्हतो? कुणासाठी? नाव सांग!"

"जाऊ दे ना, मर्टन."

"जाऊ दे कसं? सगळ्यांसमोर सांग!"

तो माझ्या छातीवरच्या नाण्याकडे बघत राहिला.

"गोळी चार बोटं बाहेर होती," तो म्हणाला. "पण त्याच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं."

पंचांनी नाव विचारलं.

"वय झालं साहेब. आठवत नाही."

त्यांनी त्याची काठी काढून घेतली. मी तिथंच उभा होतो, छातीवरचं नाणं मुठीत झाकून. लाज वाटते सांगायला.

जाताना वेल्टन माझ्यापाशी थांबला.

"तिला बघायला मिळालं ना?" हळूच म्हणाला. "मग झालं तर."