खोक्याच्या लाकडासाठी सोलापूर

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, फोन आला. "अक्का, गच्चीवरच्या खोलीचा पत्रा वाऱ्यानं उडाला. सुतार म्हणतोय, नवे वासे पाइनचे घालू, खोक्याचं लाकूड मिळतंय." त्या खोलीत ती एकटी राहते. माझ्या बहिणीच्या डोक्यावर खोक्याचं लाकूड? त्याच आठवड्यात मी पुण्याहून निघाले. निवृत्त बाईला फसवणं कठीण असतं, तिच्याकडे वेळ असतो.

रस्ता चांगला आहे, एसटीने पाच-सहा तास. थांब्यावर चहा घ्या, भजी घेऊ नका. मी तेलाचा रंग पाहिलाय. सोलापूर स्टँडवर रिक्षावाला म्हणाला, मीटर बिघडलाय. मी दुसरी रिक्षा पाहिली. तिचाही बिघडला होता.

सुनंदाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि मला घेऊन झोपायला शेजारणीकडे गेली. पत्रा उडाल्यापासून तिथे ती रोज संकोचाने जाते, हे मला सहन होईना.

सकाळी सुतार मल्लप्पांबरोबर अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या वखारीत गेले. यंत्रमाग ज्या खोक्यांतून येतात, ती फोडून फळ्या इथे विकतात. मालकाने मात्र नव्या, पिवळसर ढिगाकडे बोट दाखवलं. "देवदार हाय, मॅडम."

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला भरतकाम शिकवलं, लाकूड नाही. पण नाक आहे. फळी नखाने खरवडली. देवदाराला उग्र सुगंध असतो; हिला राळेचा, टर्पेंटाइनसारखा वास होता.

"हे पाइन आहे."

"पाइनच की. गिऱ्हाईक देवदार मागतंय, म्हणून म्हणायचं."

तरी मला तोच ढीग आवडला. सरळ, स्वच्छ, खिळ्याचं एक भोक नाही. मल्लप्पा मात्र खोक्याच्या काळपट फळ्यांपाशी उभे.

"तुम्हाला यात कमिशन किती?" मी सरळ विचारलं.

"बाई, दोन्ही हातांत एकेक फळी धरा."

मापाने सारख्याच, पण नवी चांगलीच जड.

"ओलं हाय ते. पत्र्याखाली वाळलं की पीळ खातंय, स्क्रू ढिलं व्हतंय, पत्रा परत जातोय. पटत नसंल तर एक फळी न्या, गच्चीवर टाका. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत सोलापूरच्या उन्हाने निकाल दिला. फळीचं एक टोक दाबलं की दुसरं उचलायचं.

"अक्का, पाळणा झाला की," सुनंदा म्हणाली.

मी मल्लप्पांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चुंबक धरा." खोक्याच्या फळ्या घेतल्या; त्यांत राहिलेले खिळे मी चुंबकाने शोधले, त्यांनी उपटले. कुणाला असं लाकूड घ्यायचं असेल तर फळीवरचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, एमबी म्हणजे विषारी धुरी दिलेलं, ते घेऊ नका. वाशाच्या लांबीच्या मध्यावर, कडेला गाठ असेल तर तोही नको, तिथेच मोडतो. मालक असलं काही सांगत नाही.

दोन दिवसांत वासे बसले. प्रत्येक स्क्रू मी हलवून पाहिला. मल्लप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं, "झालं का, बाई?"

पुण्यात परतून आठवडा झाला. वखारवाल्यावर अजूनही माझा विश्वास नाही. काल सुनंदाचा फोन आला.

"दुपारी मोठी वावटळ आली, अक्का. मी खोलीत गाढ झोपले होते."

"झोपली होतीस, तर वावटळ आल्याचं कळलं कसं?"

"उठले तर शेजारणीचा पत्रा आपल्या गच्चीत पडलेला. आज ती माझ्याकडे झोपायला येतेय."