बाबांचं पूजेचं धोतर

देवीने ऐकलं असं म्हणायला माझी जीभ अजून अडखळते. घडलं तेवढंच लिहितो.

त्या वर्षी मी मलकापूरला कॉलेजात होतो. आमच्या घरातून इतकं शिकायला गेलेला मी पहिलाच. आम्ही मोताळ्याजवळच्या एका खेड्यातले गुरव. गावच्या देवीची पूजा बाबांकडे. बैलगाडीवरून पडून त्यांची कंबर मोडली आणि त्यांनी अंथरूण धरलं. आई आधीच गेलेली, म्हणून कॉलेज सोडून मी घरी आलो आणि देवीची पूजाही मीच करू लागलो. पडून पडून बाबांच्या पाठीला खाली मोठी जखम झाली. लोक सुरुवातीला येऊन बसायचे, मग वासामुळे उंबऱ्यावरूनच विचारू लागले. पुढे तेही थांबलं. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

आमच्या भागात कापसाला तोटा नाही. सरकी काढून, पिंजून, स्वच्छ कापूस मी जखमेवर बांधायचो. सकाळी तो आत चिकटलेला असायचा. ओढला की बाबा उशी चावायचे आणि ताजं रक्त यायचं. शेवटी ते म्हणाले, "राहू दे बाबू. नको सोडू पट्टी. मले असंच जाऊ दे." त्यानंतर ते मला हात लावू देईनात.

मोताळ्याच्या दवाखान्यात विचारायला गेलो, तर कंपाउंडर म्हणाला, "जखम हाय का गादी बे? काऊन कापूस भरून राह्यला? धागे आत राह्यतात त्याचे. पट्टीचं कापड आमच्याकडंच संपलं. घरचं जुनं, मऊ, सुती कापड उकळ, उन्हात वाळव, तेच लाव."

तसं कापड घरात एकच होतं. बाबांचं पूजेचं धोतर. वर्षानुवर्षं त्यांनी स्वतः धुतलेलं, दुसऱ्या कोणाचा हात न लागलेलं. उठेन तेव्हा हेच नेसून देवळात जाईन, असं ते पडल्यापासून म्हणत आले होते. ते मागायचं कोणत्या तोंडाने?

रोज पूजेला बसलो की बाबांना उठव म्हणून देवीकडे मागायचो; दुसऱ्या दिवशी पूजा करताना मात्र मनात तिच्यावर रागच होता. कालचं हळदकुंकू आणि फुलं देवीच्या अंगावर वाळून घट्ट बसली होती. सवयीने मी कोमट पाणी सोडत राहिलो आणि सगळं अलगद सुटून हातात आलं. देवीच्या अंगावरचं कोरडं ओढायचं नाही, हे बाबांनीच लहानपणी शिकवलेलं. माझा हात तिथेच थांबला. बाबांच्या अंगावरचं मी रोज कोरडंच ओढत होतो. गाभाऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. मी बराच वेळ रडलो.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, कंपाउंडरचं बोलणंही. ते कुशीवर वळले आणि पाठ माझ्याकडे केली. मिठाचं उकळून कोमट केलेलं पाणी मी चिकटलेल्या कापसावर हळूहळू सोडत राहिलो.

"सुटला?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा, सुटला."

"मले तर समजलंच नाही." मग म्हणाले, "खुंटीवरचं धोतर आन."

"बाबा, ते तुमचं..."

"माह्यं कुठचं? तिचंच हाय ना ते." काठ दातात धरून पहिली चीर त्यांनीच पाडली आणि धोतर माझ्या हातात दिलं. "आता फाड सरळ. पाह्यत काय राह्यला, कॉलेजवाल्या?"

उकळून, उन्हात वाळवून त्याच्याच पट्ट्या लावत गेलो; जखम भरायला हिवाळा उजाडला. कंबर मात्र सुधारली नाही. बाबा पुन्हा देवळात गेले नाहीत. मी देवीकडे त्यांना उठवायचं मागत होतो. बाबांनी मात्र धोतर फाडलं त्या सकाळीच उठायचं मागणं तिच्या पायाशी सोडून दिलं होतं. मला अजून तसं सोडता येत नाही. पण न दुखवता त्यांची सेवा करायचे दिवस तिने मला दिले, त्यासाठी हात जोडतो.