उमरीची काळीशार कपाशी

लातूरहून निघाले ती चिडूनच. पोळ्याला ये म्हटलं, तर अक्का फोनवर म्हणते, "हात सोलून निघालेत गं, पोळी बी लाटता येईना." मग म्हटलं, थांब, मीच येते.

उमरीला जायचं असेल तर आधी अहमदपूर-लोहामार्गे नांदेडची एसटी पकडा. बायांना अर्धंच तिकीट. अहमदपूरच्या स्टँडवर चुरमुऱ्यांची गरम सुशीला खा, मिरचीनं डोळ्यांत पाणी येईल पण खा. नांदेडहून पुढे रेल्वे बरी, फक्त वेळ बघून निघा, नाहीतर माझ्यासारखं फलाटावर ताटकळाल.

उमरीला दाजी, म्हणजे अक्काचे मालक, मोटारसायकल घेऊन हजर. घराआधी शेत दाखवायला नेलं, एवढी हौस! रस्त्यालगतची कपाशी छातीला लागलेली, हिरवी काळीशार. "बघा! येणारा-जाणारा गाडी थांबवून इचारून राहिला, काय टाकलं म्हणून." टाकलं काय, युरिया! आपल्याकडची रीतच ती, रस्त्याकडच्या ओळींना दुप्पट. लोकांना दिसतं तेवढंच शेत.

मी पान उलटलं. खाली मावा, पांढरी माशी, बोटं चिकट. आत गेले, तर तिथली झाडं बुटकी, पानं फिकट पण जाड, आणि कीड अगदी तुरळक. डोकंच फिरलं माझं! लातूरला माती तपासायचं काम करते मी, रोज घसा कोरडा करून हेच सांगते. नुसता युरिया ओतला की झाड भराभरा वाढतं, पान लुसलुशीत होतं, आणि किडीला नकोशी वाटणारी कडू-तुरट द्रव्यं बनवायची राहूनच जातात. त्यात पोटॅश कमी पडलं की रसात साखर साचते, रोगालाही दार उघडं.

"दाजी, किड्यांना जेवायला बोलावलंय तुम्ही!"

"फवारून टाकू की. त्यात काय?"

"फवाऱ्याचं पाणी कालवतं कोण?"

दाजींनी मोटारसायकलला किक मारली.

कालवते अक्का. बादलीत हात घालून. घरी तिची बोटं पाहिली, लालभडक, पेरांतली कातडी गेलेली. हातमोजे? "न्हाईत बाई. लई दिस झाले, आणतो म्हणून राहिले."

जेवताना मी स्पष्टच बोलले, युरिया बंद, माती तपासून पोटॅश द्या. दाजी हसले. "पीक पिवळं दिसलं तर गावात नाक कापलं जाईल माझं."

"चुलीत घाला ते नाक!" म्हणाले मी. अक्कानं मला चिमटा काढला. सकाळी निघताना तिला बजावलं, आता एक बादलीही कालवायची नाही.

लातूरला परतल्यावर आठवडाभरानं तिचा फोन आला. तिनं खरंच नकार दिला होता, म्हणून दाजींनी स्वतः औषध कालवलं.

"रातभर हाताची आग आग झाली त्यांच्या. सकाळी उठून म्हणतेत, युरिया बस झाला. आज मातीचा नमुना घेऊन नांदेडला गेलेत."

अक्का हसत होती. मला काही हसू येईना. तिचे सोललेले हात अख्खा हंगाम याच माणसाच्या ताटात भाकरी वाढत होते.