मालकांचा निम्मा वाटा

आमचे मालक महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे. पावसाळा सोडला तर घरी नसत. मी कडेगावजवळ ऊस बघायची. म्हणून बँकेत दोघांच्या नावावर खातं काढलं. ते तिकडे भरणार, मी इकडे काढणार. कुणाही एकाची सही चालायची. चौथी शिकल्यामुळे मला सही येत होती.

आमच्यात ठरलं होतं, खात्यातलं निम्मं त्यांचं, निम्मं माझं. पण बँकेचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जायचा. मी पैसे काढले की पाच मिनिटांत फोन.

"कशाला काढलंस गं?"

"खताला."

"खत एवढं म्हाग झालं व्हय?"

"लुगडंबी घेतलं. माज्या निम्म्यातलं हाय. तुमी गाडी चालवा गप."

एरवी त्यांचा फोन यायचा नाही, आणि मीही करत नसे. कधीकधी गरज नसताना दोनशे रुपये काढून आणायची.

ते वारल्याला तीन वर्षं झाली. सातबारा, रेशनकार्ड, सगळीकडून नाव कमी केलं. बँकेत मात्र सांगितलं नाही. त्यांच्या निम्म्याला हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात. शिल्लक होती तिचे दोन वाटे धरले आणि माझाच वाटा खाल्ला. पुढे उसाचं बिल जमा झालं की त्याचेही दोन वाटे. मेलेल्या माणसाचा ऊस कुठून आला, हे सुचलं नाही. डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा माझा वाटा संपला होता. डॉक्टरला म्हटलं, पुढच्या बिलाला बघू.

एक दिवस दिसलं नाही म्हणून तव्याला हात लागला. मग बँकेत गेले. काउंटरवरच्या पोरीला विचारलं, "मालकाच्या वाट्यातलं उसनं मिळंल का?"

तिनं पासबुक बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आवं आजी, दोघांतलं मागं राहील त्याचं सगळं, असं लिहून दिलंय तुमी. ही सगळी रक्कम तुमचीच हाय. तीन वर्षं आंधळ्या फिरला की वो!"

"अंगठा न्हाई, सही केलीया म्या. वाचलं मातर नव्हतं."

मी मृत्यूचा दाखला नेऊन दिला, तिनं त्यांचं नाव कमी केलं. मग म्हणाली, "दुसरं कुणाचं नाव घालायचं? पण ते माणूस तुमाला न इचारता सगळं काढू शकतंय, बरं का."

सांगलीची लेक वारस म्हणून लावली. खात्याला नाव घातलं नाही. मेसेजसाठी माझा नंबर दिला आणि ऑपरेशनपुरते पैसे काढले.

पिशवीतला मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज होता. पैसे मोजून झाले होते, काही काम उरलं नव्हतं, तरी बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसले. मग एसटी धरली.