साखरेला विचार

मॅडम चहात इतकी साखर घालायच्या, की कँटीनवाल्याने त्यांच्यासाठी वेगळी बरणीच ठेवली होती. आणि या बाई आम्हाला औषधशास्त्र शिकवायच्या! नाशिकच्या आमच्या फार्मसी कॉलेजात पाठीमागे आम्ही त्यांना 'उंदरांची मावशी' म्हणायचो. नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्या त्या उंदरांवर घ्यायच्या, आणि एखादा उंदीर मलूल दिसला तर त्यांनाच डबा गोड लागायचा नाही.

एम.फार्म.ला मी त्यांच्या हाताखाली होते. मी काढलेला झाडपाल्याचा अर्क दिलेला उंदीर पाण्यात सोडला, की हातपाय मारतच राहायचा. बाकीचे थोड्या वेळाने हार मानून नुसते तरंगायचे. शेपटीने टांगल्यावरही तो धडपडत राहायचा. झालं, मला वाटलं औषध सापडलं! मी सगळ्यांना मिसळ खिलवली. मॅडमनी रस्सा दोनदा मागून घेतला आणि मग म्हणाल्या, त्याला जरा मोकळ्या खोक्यात सोडून बघ. तिथेही तो भिंगरीसारखा फिरत सुटला.

"हा बरा नाही झालेला गं," मॅडम म्हणाल्या. "याला नुसती पळापळ सुटलीय. मनाचं काय, ते साखरेला विचार."

म्हणजे पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. खचलेल्या उंदराला गोडाचं काही वाटेनासं होतं. तो दोन्ही सारख्याच पितो. माझा उंदीर अगदी सारख्याच प्यायला. मिसळ फुकट गेली.

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. त्या सुमारास मॅडमचे यजमान अचानक गेले. ओझरला विमानांच्या कारखान्यात होते ते. तेरावा झाला आणि मॅडम कॉलेजात हजर. प्रॅक्टिकल्स घेतली, स्टोअरवाल्याशी भांडल्या, मुलांच्या सहलीलाही गेल्या. बाईंनी किती लवकर सावरलं, असं जो तो म्हणायचा. मग एकदा कँटीनवाल्याने चुकून मधुमेही प्राचार्यांचा बिनसाखरेचा चहा त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी बोलता बोलता तो संपवला.

तेव्हापासून मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसू लागले. चहा मीच करायचे, मुद्दाम बिनसाखरेचा. त्या मुकाट्याने प्यायच्या. कधी यजमानांबद्दल बोलायच्या, कधी रडायच्या. असे कितीतरी महिने गेले.

एका संध्याकाळी त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय गं, घरातली साखर संपली का?"

मला रडूच फुटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं.

"माझा उंदीर केलास होय? आणि दुसरा कप कुठंय? एकाच कपावर निकाल लावतेस?"

मी उठले आणि दुसरा कप केला, चमचा उभा राहील इतक्या साखरेचा.